सहा चुलींची खोली



लहान मुलांचे आरोग्य आणि त्यांच्या भोवतालचे पाणी, धूर, धूळ हा आमचा आजचा विषय आहे. व्याख्यानमालेच्या एका चालकांनी आम्हांला सरळच विचारले, "हा विषय डॉक्टरांचा. तुम्ही युनियनची माणसे. तुमचे यात काय?" प्रश्न रास्त आहे. आम्ही नववीत शाळा सोडली, पुढचे सारे शिक्षण वाचनालयात झाले, आणि आयुष्याची तीस वर्षे बांधकाम मजुरांची संघटना करण्यात गेली. वैद्यकातले आम्हांला कळत नाही. पण मुंबईतल्या मुलांच्या आरोग्याचा इतिहास शोधू लागलो, तेव्हा तो आम्हांला वैद्यकाच्या ग्रंथांपेक्षा सरकारच्या जुन्या 'लेबर गॅझेट'मध्ये, म्युनिसिपालिटीच्या अहवालांत आणि कायदेमंडळातल्या वादविवादांत अधिक सापडला. मूल कसली हवा श्वासावाटे घेते हे या शहरात बहुधा आईच्या कामाच्या तासांवर आणि बापाने भाड्याने घेतलेल्या खोलीवर ठरत आले आहे. तेव्हा विषय आमचाही आहे.

सुरुवात याच जागेपासून करू. ज्या खोताच्या वाडीच्या तोंडाशी आपण बसलो आहोत, ती दादोबा वामन खोत यांच्या नावाने ओळखली जाते. वाडीत आत शिरले की बैठी आणि दुमजली लाकडी घरे लागतात. पुढे व्हरांडा, बाहेरून जिना, वर कौले. एकेकाळी येथे पासष्ट घरे होती असे सांगतात. आज त्यांतली निम्मीही उरलेली नाहीत. परगावचे लोक या घरांची छायाचित्रे काढायला येतात. आम्ही पाहतो ते निराळे. येथील घराला चार बाजू आहेत. एका खिडकीतून आलेला वारा दुसऱ्या खिडकीतून बाहेर जातो, आणि स्वयंपाकघरातला धूर झोपायच्या खोलीत मुक्कामाला राहत नाही. ही चैन मुंबईत किती थोड्या मुलांच्या वाट्याला आली, ते पुढे येईलच.

पण जुन्या गिरगावाचे उगीच गोडवे गाण्यात अर्थ नाही. वाड्यावाड्यांतून विहिरी होत्या आणि त्या विहिरींत डास होते. १९११ साली डॉ. चार्ल्स बेंटली यांचा मुंबईतील हिवतापावरचा अहवाल प्रसिद्ध झाला. बेंटलींनी काय केले? नुसती मृत्यूची नोंदवही चाळून ते थांबले नाहीत. त्यांनी मुलांची पोटे चाचपून पाहिली. हिवताप पुन्हा पुन्हा आला की पाणथरी वाढते, आणि लहान मुलाची वाढलेली पाणथरी हाताला लागते. कोणत्या भागात किती मुलांची पाणथरी वाढली आहे हे पाहत गेले की रोगाचा ठिकाणा सापडतो. अशा तपासातून बोट विहिरींकडे वळले. स्टीफेन्सी नावाचा डास गटारात नव्हे, तर घराजवळच्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि शहराच्या मध्यवस्तीत असे पाणी विहिरीत होते.

मग विहिरी बुजवा, झाका, असे हुकूम निघाले आणि मोठी ओरड झाली. पारशांनी आणि हिंदूंनी दोघांनीही अर्ज केले. विहिरीचे पाणी धर्मकृत्याला लागते, त्यावर सूर्याचा प्रकाश पडला पाहिजे, नळाचे पाणी चालत नाही, असे म्हणणे पडले. शेवटी काही विहिरींना झाकण आणि त्यात जाळीची झडप अशी तडजोड निघाली. या ओरडीला आम्ही हसणार नाही. श्रद्धा ही श्रद्धा असते. पण एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. अर्ज करणारे बहुतेक विहिरींचे मालक होते. ताप ज्यांच्या पोरांना येत होता, त्या बिऱ्हाडकरूंचे अर्ज आमच्या तरी वाचनात आले नाहीत. त्यांच्या वतीने बोलली ती पोरांची पाणथरी.

आता परळ-लालबागकडे वळू. ट्राम १९६४ सालीच बंद झाली, नाहीतर तिच्यातूनच गेलो असतो. त्या काळी गिरगावातून परळकडे जाताना आभाळ बदलत असे. गिरण्यांच्या चिमण्यांचा धूर सर्वांनाच दिसत होता, मलबार हिलवरूनही दिसत होता. म्हणून त्याच्यासाठी कायदा झाला. १९१२ सालचा मुंबईचा धूर-उपद्रव कायदा तो हाच. भट्ट्या नीट बांधाव्यात, कोळसा नीट जाळावा, काळा धूर किती सोडावा यावर देखरेख असावी, असा त्याचा रोख होता. पुढे १९१५ साली खोपोलीहून टाटांची वीज गिरण्यांना मिळू लागली आणि चिमण्यांचा भार काहीसा हलका झाला. कायदा चांगला होता. त्याची नजर मात्र चिमणीच्या तोंडाकडे होती. त्याच चिमणीच्या छायेत चाळ होती, चाळीत खोली होती, खोलीत चूल होती आणि चुलीशेजारी पाळणा होता. तेथील धुराचा 'उपद्रव' कोणाला होत होता? रस्त्याने जाणाऱ्याला होत नव्हता. म्हणून तो मोजलाही गेला नाही.

तो मोजायला एक बाई आत गेल्या. त्यांचे नाव डॉ. बार्न्स. गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियांची बाळंतपणाच्या आधीची आणि नंतरची स्थिती काय असते याची पाहणी करण्यासाठी मुंबई सरकारने या स्त्री-डॉक्टरची नेमणूक केली होती. त्यांची हकीगत १९२२ च्या 'लेबर गॅझेट'मध्ये आली. तिच्यातल्या एका खोलीचे वर्णन आम्ही प्रथम वाचले तेव्हा अंक मिटून ठेवावासा वाटला.

एका चाळीचा दुसरा मजला. खोली पंधरा फूट लांब, बारा फूट रुंद. आत सहा कुटुंबे राहत होती. बाईंचा विश्वास बसेना, म्हणून त्यांनी चुली पाहिल्या. जमिनीवर सहा वेगळ्या चुली होत्या. चौकशी केली तेव्हा लहानमोठी मिळून तीस माणसे त्या खोलीत राहतात असे कळले. सहा बायकांपैकी तिघींचे दिवस भरत आले होते. बाळंतपणाच्या वेळी आडोसा कसा करणार, असे बाईंनी बरोबरच्या नर्सला विचारले. नर्सने कोपऱ्यातली तीन फूट बाय चार फूट जागा दाखवली. वेळ आली की तेथे पडदा लावायचा. रात्री या सहा चुलींचा धूर कोंडला की बाळंतिणीचे आणि पोराचे काय होत असेल, असे बाई लिहितात. आणि पाहिलेल्या अशा अनेक खोल्यांपैकी ही एक, असेही सांगतात.

चुली मोजण्याची ही युक्ती आम्हांला फार शहाणपणाची वाटते. माणसे संख्या लपवतात. घरमालक लपवतो, मुकादम लपवतो, भाडेकरूही भीतीने लपवतो. चूल लपवता येत नाही.

दुसरी गोष्ट अफूची. गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या मुलांपैकी शंभरातल्या अठ्ठ्याण्णव मुलांना अफू दिली जाते, असे डॉ. बार्न्स यांनी नोंदवले. 'बाळागोळी' या गोंडस नावाने ती मिळे. आकडा प्रसिद्ध होताच सभ्य समाजात हळहळ झाली, आणि हळहळीपाठोपाठ उपदेश सुरू झाला. गिरणीतल्या बाया अडाणी, त्यांना मातृत्वाचे ज्ञान नाही, त्यांना शिकवले पाहिजे, वगैरे. शिकवू नये असे कोण म्हणेल? पण हिशेब मांडून पाहा. १९२० च्या संपानंतर गिरणीचा दिवस दहा तासांचा झाला होता. रिळिंग आणि वाइंडिंग या खात्यांत बायका असत. तेथे नायकिणीची मर्जी राखावी लागे. एक खाडा झाला की जागा गेली. घरी पोर ठेवायचे कोणाजवळ? एखाद्या म्हातारीजवळ, जिच्याजवळ आणखी चार पोरे आहेत. पोर रडून रडून मरू नये, चुलीपाशी रांगत जाऊन भाजू नये, म्हणून ते झोपलेले बरे. अफू हे त्या बाईचे पाळणाघर होते. हे भयंकर आहे, परंतु अडाणीपणाचे नाही. दहा तासांच्या पाळीला जुळेल असा दुसरा उपाय तिला कोणी दिलाच नव्हता.

आता आकड्यांकडे येऊ. व्याख्यानात आकडे फार देऊ नयेत हे आम्हांला ठाऊक आहे, चारच देतो. १९२१ साली मुंबईत जन्मलेल्या हजार मुलांमागे वर्षाच्या आत किती दगावली, हे म्युनिसिपालिटीने खोल्यांच्या संख्येप्रमाणे मांडले होते. चार किंवा अधिक खोल्यांच्या घरात १३३. तीन खोल्यांच्या घरात १९१. दोन खोल्यांत ३२२. आणि एका खोलीत ८२८.

या शेवटच्या आकड्यावर त्या काळीही आक्षेप निघाला आणि तो खोटा नव्हता. गिरणीतल्या पुष्कळ बायका बाळंतपणाला रत्नागिरी-साताऱ्याकडे गावी जात. जन्म गावच्या चावडीत नोंदला जाई, आणि पोर घेऊन परत आल्यावर ते दगावले तर मृत्यू मुंबईत मांडला जाई. म्हणून ८२८ हा आकडा फुगलेला आहे. हवा तेवढा कमी करून घ्या. तरी खोली वाढली की मृत्यू उतरतो ही पायरी मोडत नाही. एका खोलीची आई अडाणी, दोन खोल्यांची जरा कमी अडाणी आणि चार खोल्यांची विदुषी, असे तर कोणी म्हणणार नाही! आणि हा काही मूठभर लोकांचा प्रश्न नव्हता. १९२१ च्या शिरगणतीत मुंबईतली सुमारे सत्तर टक्के बिऱ्हाडे एकेका खोलीची होती.

गंमत पुढेच आहे, जर हिला गंमत म्हणायची असेल तर. त्याच सुमारास सरकारचे डेव्हलपमेंट खाते वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी येथे मजुरांसाठी चाळी बांधत होते. त्याच बी.डी.डी. चाळी. २०७ इमारती उभ्या राहिल्या. आकडे समोर असताना बांधल्या त्या पुन्हा एकेका खोलीच्या, एकशे साठ चौरस फुटांच्या!

या सगळ्याला उत्तर म्हणून जे घडले, त्याचा काही भाग गिरगावशी निगडित आहे, याचा आपणांस अभिमान वाटायला हरकत नाही. नारायण मल्हार जोशी हे भारत सेवक समाजाचे. समाजाची जागा गिरगावात सँढर्स्ट रोडवर. तेथून त्यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली आणि परळच्या मजूरवस्तीत रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने चालवले. उपदेश करून भागत नाही हे जोशींना परळात कळले असावे. १९२४ साली त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचे बिल आणले. ते बारगळले. पुढे मुंबईच्या कायदेमंडळात आसवले यांनी तसेच बिल मांडले. जुलै १९२८ मध्ये त्याला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुद्दा नेमका धरला. बाळंतपणाच्या आगेमागे आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. हा भार खरे तर सरकारने उचलावा, पण तसे होत नाही तोवर तिच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकाने तो उचलावा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. १९२९ साली कायदा झाला. रोज आठ आणे याप्रमाणे काही आठवड्यांचा भत्ता. देशातला अशा तऱ्हेचा तो पहिलाच कायदा.

आठ आण्यांत काय होते, असे आज वाटेल. आठ आण्यांत ती बाई त्या आठवड्यांत पोराजवळ राहू शकत होती. अफूची गोळी तेवढे दिवस पुढे ढकलली जात होती. नंतर पाळणाघराची कल्पना कायद्यात आली. १९३४ च्या फॅक्टरी कायद्यात मुलांसाठी खोली ठेवण्याची तरतूद झाली, आणि १९४८ च्या कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर बंधनकारक केले. १९७६ साली ही संख्या तिसावर आणली गेली.

या कायद्यांना एक कडू शेपूट आहे, ते लपवून ठेवणे बरे नव्हे. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांतल्या कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा बायकांचा होता. पुढच्या काही दशकांत त्या गिरणीतून जवळजवळ नाहीशा झाल्या. नवी यंत्रे आली, रिळिंग खाती आटली, हे मोठे कारण. परंतु बाई ठेवली की भत्ता आणि पाळणाघर आले, त्यापेक्षा पुरुष बरा, हा मालकांचा हिशेबही त्यात होता. संघटनांनी पुरुषांच्या महागाईभत्त्यासाठी जितका आवाज उठवला तितका या बायकांसाठी उठवला नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्या बायका गेल्या कोठे? बिड्या वळायला, खानावळी चालवायला, घरकामाला, आणि त्यांच्यानंतरच्या पिढ्या बांधकामावर. जेथे आई गेली तेथे पोर गेले, आणि कायदा मात्र गिरणीच्या दारात उभा राहिला.

आईलाच बोल लावायची सवय किती फसवी असते, याचे एक दूरचे उदाहरण सांगण्याजोगे आहे. कॅनडाच्या अगदी उत्तरेला, जेथे झाड उगवत नाही अशा बर्फाच्या मुलखात, इन्युइट लोक राहतात. १९८० नंतरच्या दशकात डॉ. एरिक देवाई या संशोधकाने क्वेबेक प्रांतातल्या आयांच्या दुधातील विषारी द्रव्ये तपासली. कारखान्यांच्या मुलखाशी तुलना करायला शुद्ध नमुना हवा, म्हणून उत्तरेच्या आयांचे दूध घेतले. निघाले उलटेच. दक्षिणेच्या शहरी आयांपेक्षा उत्तरेच्या आयांच्या दुधात पीसीबी नावाचे विजेच्या यंत्रसामग्रीत वापरले जाणारे द्रव्य कितीतरी पटींनी जास्त होते. तेथे ना कारखाना, ना चिमणी! उष्ण आणि समशीतोष्ण मुलखांत सुटलेली द्रव्ये वाऱ्याने आणि समुद्राने उत्तरेला गेली, माशांच्या, सील आणि देवमाशांच्या चरबीत साठत गेली, आणि तेच तेथील लोकांचे अन्न. त्या आयांना काय सांगणार? पोराला पाजू नका? वाडवडिलांचे अन्न सोडा? उत्तरेच्या लोकांनी तसे ऐकून घेतले नाही. त्यांच्या प्रतिनिधी आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत जाऊन बसल्या, आणि २००१ साली स्टॉकहोमचा करार झाला. ही द्रव्ये मुळातच बंद करण्याचा, किंवा अगदी आवश्यक तेवढीच ठेवण्याचा. त्यात डीडीटीही होते. हिवतापाच्या डासांसाठी त्याला सवलत मिळाली, आणि ती ज्यांना हवी होती त्यांत आपला देश होता. बेंटलींच्या विहिरीपासून बर्फाच्या मुलखापर्यंत धागा असा जातो.

घरी परत येऊ. परळच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतरच्या दशकात लालबाग, चेंबूर, खार आणि एक ग्रामीण भाग अशी तुलना करून हवा आणि छातीचे विकार यांचा संबंध तपासला. पुढे पेट्रोलमधले शिसे २००० साली बंद झाले. मुलाच्या मेंदूला शिसे किती अपायकारक आहे हे जगाला त्याच्या पुष्कळ आधीपासून ठाऊक होते. घरगुती रंगांतले शिसे बंद करण्याचे नियम २०१६ साली आले. परंतु जुने रंग जुन्या लाकडावर आहेतच. वाडीतली घरे खरवडून रंगवताना किंवा पाडताना ती भुकटी कोठे जाते, याचा विचार रंगाऱ्याने आणि घरमालकाने दोघांनीही करावा. रंगाऱ्याचे पोर पुष्कळदा तेथेच खेळत असते.

आणि आता पत्र्यांविषयी. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची हवा फार बिघडली. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि महापालिकेने बांधकामांसाठी नियम काढले. सत्तर मीटरहून उंच इमारतीच्या कामाभोवती पस्तीस फूट उंचीचे पत्रे, धुळीवर पाण्याचा फवारा, भरलेल्या ट्रकवर ताडपत्री. नियम चांगले आहेत. आमच्या संघटनेने त्यांचे स्वागतच केले. मात्र १९१२ सालच्या कायद्याची आठवण आल्यावाचून राहिली नाही. पत्रा रस्त्याने जाणाऱ्या मुलाला वाचवतो. पत्र्याच्या आत राहणाऱ्या मुलाची धूळ त्याने कमी होत नाही.

आत कोण राहते? जालना, बीड, कलबुर्गी, छत्तीसगड येथून आलेली कुटुंबे. स्लॅब पक्का व्हावा म्हणून त्यावर आळी करून पाणी कोंडतात. बेंटलींनी शोधलेल्या डासाला ते विहिरीइतकेच मानवते, म्हणून कीटकनाशक खात्याची माणसे कामांवर फिरतात. तीन विटांची चूल असते. जळण म्हणून सेंटरिंगच्या फळ्यांचे आणि प्लायचे तुकडे. प्लायमधला डिंक जळाला की डोळे चुरचुरतात. पाळणा म्हणजे बल्लीला बांधलेली साडीची झोळी, आणि ती हलवायला आठ वर्षांची बहीण, जी त्यामुळे शाळेत नसते. १९६९ साली दिल्लीला राजघाटाजवळच्या बांधकामावर मीरा महादेवन यांनी अशाच मुलांसाठी पहिले फिरते पाळणाघर काढले, आणि १९७२ पासून ते काम मुंबईतही सुरू झाले. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असतील तेथे मुलांसाठी खोली सांगितली. झाले काय, तर पन्नास बायका कोणत्याच हजेरीपटावर दिसेनात. एकाच इमारतीत चार ठेकेदार, आणि प्रत्येकाकडे तीस-चाळीस.

गेल्या पावसाळ्याआधी आमच्या संघटनेच्या दोन कार्यकर्त्या मध्य मुंबईतील अशा एका कामावर पत्र्याच्या आत गेल्या. मुकादम म्हणाला, "इथं मुलं राहतच नाहीत, ताई." त्यांनी वाद घातला नाही. संध्याकाळी सहाला पुन्हा गेल्या आणि चुली मोजू लागल्या. प्रत्येक चुलीपुढे वहीत एक ओघ ओढली, आणि ओळीवर सहा वर्षांखालची पोरे किती ते लिहिले. ती वही आम्ही कामगार खात्याच्या अधिकाऱ्यांपुढे ठेवली. दोन महिने खेटे घातल्यावर तळमजल्यावरची एक खोली मिळाली. तिला समोरासमोर दोन खिडक्या आहेत. पिण्याचे पाणी पिंपात भरून ठेवावे लागते, त्याला झाकण घातले आहे. पंखा अजून यायचा आहे.